राष्ट्राध्यक्षाने काय करू नये

3 ऑगस्ट 1923 रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या प्लिमथ नॉच या खेड्यात, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, एका बापाने आपल्या मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. वॉरन हार्डिंग आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोत वारले होते. उपाध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज सुट्टीसाठी वडिलांकडे आले होते. घरात ना वीज होती, ना टेलिफोन. वडील जॉन कूलिज गावचे नोटरी होते, म्हणून त्यांनीच राज्यघटनेतली शपथ वाचून दाखवली. हा प्रसंग अमेरिकेत अनेकांना ठाऊक आहे. त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. राज्य सरकारच्या नोटरीला केंद्राच्या पदाची शपथ देता येते का, अशी शंका कायदेपंडितांनी काढली. कूलिज यांनी ती शंका उडवून लावली नाही. त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात, केंद्रीय न्यायाधीशांसमोर, कुठलाही गाजावाजा न करता त्यांनी तीच शपथ पुन्हा घेतली आणि पुढची कित्येक वर्षे त्याचा बभ्राही होऊ दिला नाही. सगळा देश त्यांना राष्ट्राध्यक्ष मानत होता, आव्हान कोणी दिलेले नव्हते. तरीही आपला अधिकार नेमका कुठून येतो हे कागदावर पक्के झाल्याशिवाय या माणसाला चैन पडले नाही.

अमेरिकेतल्या परंपरावादी राजकारणाची आजची अवस्था पाहिली की हा स्वभाव आठवतो. गेल्या काही दशकांत त्या देशातल्या उजव्या मतदारांची आपल्या नेत्याकडून असलेली अपेक्षा बदलली आहे. सिनेटची वाट न पाहता, न्यायालयाची पर्वा न करता, पहिल्याच दिवशी आदेशांच्या थप्पीवर सह्या करणारा नेता त्यांना खंबीर वाटतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. राज्यसंस्था मर्यादित असावी, कर कमी असावेत, कुटुंब, चर्च, गाव आणि राज्ये यांच्या कारभारात वॉशिंग्टनने नाक खुपसू नये, असे ज्याला मनापासून वाटते, त्याने राष्ट्राध्यक्षाला एक प्रश्न आधी विचारायला हवा: जे काम तुझे नाही, ते तू दुसऱ्याच्या हाती राहू दिलेस का? या कसोटीवर विसाव्या शतकात कूलिज यांच्याइतका चोख उतरणारा दुसरा राष्ट्राध्यक्ष मला दिसत नाही. त्यांच्या उणिवाही मोठ्या होत्या आणि त्या झाकून हा युक्तिवाद उभा राहणार नाही.

अमेरिकेची राज्यघटना सुरू होते ती काँग्रेसपासून, म्हणजे तिथल्या संसदेपासून. पहिल्या कलमात कर बसवणे, कर्ज काढणे, परदेशांशी होणाऱ्या व्यापाराचे नियमन, युद्ध पुकारणे हे अधिकार एकामागून एक काँग्रेसला दिले आहेत. राष्ट्राध्यक्षाचा क्रमांक दुसऱ्या कलमात येतो आणि ते कलम पहिल्याच्या मानाने बरेच आटोपशीर आहे. कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी होते आहे की नाही हे पाहणे, हे त्याचे मुख्य कर्तव्य. एकोणिसाव्या शतकात बहुतेक राष्ट्राध्यक्षांनी ही वाटणी मानली. थिओडोर रूझवेल्ट यांनी वेगळी भूमिका मांडली: घटनेने किंवा कायद्याने जे स्पष्टपणे मना केलेले नाही, ते सारे लोकहितासाठी राष्ट्राध्यक्षाला करता येते. त्यांचेच उत्तराधिकारी आणि एके काळचे मित्र विल्यम टॅफ्ट यांनी 1916 मध्ये एक पुस्तक लिहून याला उत्तर दिले. घटनेतल्या किंवा कायद्यातल्या एखाद्या तरतुदीपर्यंत माग काढता येत नाही असा कोणताही अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, असे त्यांचे म्हणणे. 1913 मध्ये वुड्रो विल्सन यांनी काँग्रेससमोर जातीने भाषण करण्याची प्रथा पुन्हा सुरू केली. ती जेफरसन यांनी 1801 मध्ये राजेशाही थाटाची म्हणून बंद केली होती. रूझवेल्ट यांची भूमिका आणि विल्सन यांचे हे पाऊल, या दोन्ही गोष्टी वरवर किरकोळ वाटतात, पण तिथून राष्ट्राध्यक्ष हा कारभाऱ्याचा राष्ट्रनायक होत गेला. कूलिज सत्तेवर आले ते या बदलाच्या मधोमध, आणि त्यांनी टॅफ्ट यांची वाट धरली.

त्यांचा कारभार कसा चाले हे पाहायचे तर अंदाजपत्रकाकडे पाहावे. 1921 च्या कायद्याने अमेरिकेत प्रथमच केंद्रीय अंदाजपत्रक विभाग स्थापन झाला होता. त्याआधी प्रत्येक खाते आपली मागणी परस्पर काँग्रेसकडे घेऊन जात असे आणि एकूण बेरीज कोणाच्याच हाती नसे. कूलिज यांनी या विभागाचे प्रमुख जनरल हर्बर्ट लॉर्ड यांच्याबरोबर दर आठवड्याला बसून खर्चाच्या नोंदी तपासण्याचा परिपाठ ठेवला. लॉर्ड यांच्या काटकसरीचा एक नियम तर प्रसिद्धच आहे: कारकुनाला एका वेळी एकच पेन्सिल मिळे आणि उरलेला तुकडा जमा केल्यावरच नवी दिली जाई. जोहान्सबर्गच्या महापौरांनी सिंहाचे दोन छावे भेट पाठवले, तेव्हा त्यांची नावे ‘करकपात’ आणि ‘अंदाजपत्रक विभाग’ अशी ठेवली गेली. ऐकणाऱ्याला या गोष्टी गमतीच्या वाटतील, पण त्यामागची भूमिका गंभीर होती. सरकारचा प्रत्येक डॉलर कोणाच्या तरी घामाचा आहे आणि तो खर्च करणारा विश्वस्त आहे, ही कूलिज यांची धारणा होती. तिचे फळ आकड्यांत दिसते. 1923 मध्ये सुमारे 22.3 अब्ज डॉलर असलेले राष्ट्रीय कर्ज 1929 मध्ये 16.9 अब्जांवर आले. वार्षिक खर्च तीन अब्ज डॉलरच्या आसपास रोखून धरला गेला. अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्या आग्रहाने प्राप्तिकराचा सर्वोच्च दर 73 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 25 टक्क्यांवर आणला गेला. मेलन यांचा तर्क सरळ होता. 73 टक्के कर लावला की श्रीमंत माणूस आपला पैसा कारखान्यात न घालता करमुक्त नगरपालिका रोख्यांत दडवून ठेवतो, म्हणजे सरकारला कर मिळत नाही आणि मजुराला काम मिळत नाही. मुख्य मुद्दा असा की हे सारे दर कायद्याने बदलले, काँग्रेसमध्ये मते पडून बदलले, आणि 1924 मध्ये काँग्रेसने मेलन यांना हवे होते तेवढे दिले नाही तेव्हा कूलिज यांनी ते निमूट स्वीकारून दोन वर्षांनी पुन्हा मागणी केली.

निमूट म्हणजे दुबळे, असे समजण्याचे कारण नाही. कूलिज यांनी आपल्या कारकिर्दीत 50 विधेयकांवर नकाराधिकार वापरला आणि त्यांपैकी फक्त चारच काँग्रेसला दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करता आली. यातले मॅकनेरी-हॉगेन विधेयक मराठी वाचकाला चटकन कळेल. गहू, कापूस अशा पिकांचे भाव पडले होते. सरकारने जादा माल विकत घ्यावा, तो परदेशात पडत्या भावाने विकावा आणि देशातला भाव चढा ठेवावा, अशी ती योजना होती. कांदा आणि कापसाच्या भावाचे राजकारण पाहिलेल्या माणसाला त्यामागची वेदनाही समजते आणि मोहही. रिपब्लिकन पक्षाचा मध्य-पश्चिमेकडचा सारा शेतकरी मतदार या विधेयकाच्या पाठीशी होता. कूलिज स्वतः शेतकऱ्याचे पुत्र होते. तरीही 1927 मध्ये आणि पुन्हा 1928 मध्ये त्यांनी ते परत पाठवले. भाव बांधून दिला की पीक वाढते, पीक वाढले की भाव पुन्हा कोसळतो, आणि मधल्या काळात नोकरशाही मात्र कायमची होऊन बसते, हा त्यांचा आक्षेप होता. निवडणुकीच्या वर्षात, 1924 च्या मे महिन्यात, माजी सैनिकांच्या बोनसचे विधेयकही त्यांनी नाकारले. ते काँग्रेसने त्यांच्यावर मात करून मंजूर केले आणि कूलिज यांनी तो कायदा राबवला. नकाराधिकार हे घटनेने राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिलेले हत्यार आहे. त्याने ते पुरेपूर वापरावे, आणि हरल्यावर हार मान्य करावी. आदेशांच्या बाबतीतही नुसती मोजदाद करून भागत नाही. कूलिज यांच्या सहीचे कार्यकारी आदेश बाराशेहून अधिक भरतात, म्हणजे संख्येने आजच्या राष्ट्राध्यक्षांपेक्षा कितीतरी जास्त. पण त्यांतले बहुतेक सरकारी जमिनी राखून ठेवणे, एखाद्या कर्मचाऱ्याला सेवेच्या नियमांतून सूट देणे अशा दैनंदिन कामाचे आहेत. देशाचे धोरण त्यांनी आदेशाने ठरवले नाही.

या भूमिकेवरचा सर्वांत मोठा आक्षेप अर्थातच महामंदीचा. कूलिज 4 मार्च 1929 रोजी पायउतार झाले आणि ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. हातावर हात ठेवून बसलेल्या राष्ट्राध्यक्षाने देश खड्ड्यात घातला, हे चित्र शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या गिरवले गेले आहे. यात तथ्याचा अंश आहे, पण तो जिथे शोधतात तिथे नाही. सट्टेबाजीला इंधन मिळाले ते स्वस्त कर्जांतून. 1927 च्या उन्हाळ्यात फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, बऱ्याच अंशी ब्रिटनच्या सोन्याच्या अडचणीकडे पाहून, व्याजदर चारवरून साडेतीन टक्क्यांवर आणला होता. बाजार पडल्यानंतर बँका बुडत असताना याच संस्थेने चलनपुरवठा जवळपास एक तृतीयांशाने आटू दिला. मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्‌झ यांनी त्याचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. 1930 च्या जूनमध्ये कूलिज यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी हजारावर अर्थतज्ज्ञांचा विरोध असताना स्मूट-हॉली आयातशुल्क कायद्यावर सही केली आणि जागतिक व्यापाराचा गळा आवळला गेला. हूवर हे निष्क्रिय नव्हतेच. परिषदा बोलावणारे, कारखानदारांकडून मजुरी न कापण्याची वचने घेणारे, सतत काही ना काही करत राहणारे ते राष्ट्राध्यक्ष होते. कूलिज यांचा दोष वेगळाच आहे. 1928 च्या जानेवारीत पत्रकारांनी शेअर दलालांना दिल्या जाणाऱ्या कर्जांबद्दल विचारले, तेव्हा ती कर्जे फार वाढली आहेत असे आपल्याला वाटत नाही, असे त्यांनी सांगून टाकले. राष्ट्राध्यक्षाच्या शब्दाने बाजार आणखी वर चढला. पाचशेहून अधिक पत्रकार परिषदा घेऊनही ज्यांनी शब्द तोलूनमापून वापरले, त्या माणसाने नेमके इथे आपल्या अधिकारात नसलेल्या आणि आपल्याला नीट न कळणाऱ्या गोष्टीवर मत दिले. म्हणजे त्यांची चूक संयमाची नव्हती. त्या दिवशी संयम सुटला होता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि त्याच्यापुढे मला काही अंशी मान तुकवावी लागते. 1927 च्या वसंतात मिसिसिपी नदीने बांध फोडले आणि सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. पूरग्रस्त भागात या म्हणून राज्यपालांनी आणि वृत्तपत्रांनी विनवण्या केल्या, पण कूलिज गेले नाहीत. मदतीचे काम त्यांनी तेव्हा आपले व्यापारमंत्री असलेल्या हूवर यांच्यावर आणि रेडक्रॉसवर सोपवले आणि काँग्रेसचे खास अधिवेशनही बोलावले नाही. 1928 च्या मे महिन्यात पूरनियंत्रणाचा मोठा कायदा झाला आणि त्यावर त्यांनी सही केली. पण दुःखात बुडालेल्या लोकांना राष्ट्राध्यक्षाचे दर्शनही घडू नये, हे मला घटनेचे पथ्य वाटत नाही. कोरडेपणा वाटतो. आपत्तीत सांत्वनाला जाण्यासाठी कोणत्याही कलमाचा आधार लागत नाही. त्याहून गंभीर प्रश्न काळ्या नागरिकांचा. 1923 च्या डिसेंबरमधल्या पहिल्याच भाषणात कूलिज यांनी झुंडीकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध काँग्रेसने आपले सारे अधिकार वापरावेत असे आवाहन केले होते. सिनेटमधल्या दक्षिणेकडच्या सदस्यांनी असा कायदा होऊ दिला नाही आणि केंद्राचा तसा कायदा व्हायला 2022 साल उजाडावे लागले. 1924 चा स्थलांतर कायदाही असाच. त्यातले जपान्यांना बंदी घालणारे कलम आपल्याला मान्य नाही, ते वेगळे आले असते तर नाकारले असते, असे सांगून कूलिज यांनी त्यावर सही केली. इथे मात्र नकाराधिकार त्यांच्या हातात होता. जो माणूस शेतकऱ्यांना नाही म्हणू शकला, त्याने इथेही नाही म्हणायला हवे होते. मर्यादा पाळणारा राष्ट्राध्यक्ष आपोआप न्यायी ठरत नाही, हे परंपरावाद्यांनी स्वच्छ मान्य करावे. मात्र याचा अर्थ मर्यादा सोडल्याने न्याय होतो असाही नाही. 1942 च्या फेब्रुवारीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एका कार्यकारी आदेशावर सही केली आणि त्याच्या जोरावर एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते.

अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा दाखला देऊन आणखी एक आक्षेप घेतला जातो. संविधानाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या निबंधमालेतल्या सत्तराव्या निबंधात त्यांनी कार्यकारी सत्तेत जोम असल्याशिवाय चांगले सरकार चालत नाही असे सांगितले. परंपरावादी लोक हॅमिल्टन यांना मानतात, मग राष्ट्राध्यक्षाचे हात बांधायचे कसे? हात बांधा असे मी म्हणतच नाही. 1919 च्या सप्टेंबरमध्ये बोस्टनच्या सुमारे 1,100 पोलिसांनी संप केला आणि शहरात लूटमार सुरू झाली, तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल असलेल्या याच कूलिज यांनी राज्याचे सैनिक रस्त्यावर उतरवले आणि जनतेच्या सुरक्षेविरुद्ध संप करण्याचा हक्क कोणालाच नाही असे कामगार पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स यांना तारेने कळवले. 1957 मध्ये आर्कान्सॉच्या राज्यपालांनी लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना जाऊ दिले नाही, तेव्हा शांत स्वभावाच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी न्यायालयाच्या हुकमाची अंमलबजावणी करण्यासाठी 101 व्या हवाई तुकडीचे जवान पाठवले. कायदा होता, हुकूम होता, तो मोडला जात होता. तिथे राष्ट्राध्यक्षाने कचरायचे नसते. याउलट 1952 च्या एप्रिलमध्ये कोरियन युद्धाचे कारण देऊन हॅरी ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा त्यांच्यामागे कोणताही कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो ताबा घटनाबाह्य ठरवला. त्या निकालातले न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचे मत आजही सर्वांत जास्त उद्धृत होते. काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध राष्ट्राध्यक्ष जातो तेव्हा त्याची सत्ता सर्वांत क्षीण असते, हे त्याचे सार. हे लिहिणारे जॅक्सन स्वतः फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे महाधिवक्ता होते. सत्तेचे समर्थन आतून करून पाहिलेल्या माणसाने ही रेषा आखली, म्हणून तिला वजन आहे.

परंपरावाद्यांचा नोकरशाहीबद्दलचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. केंद्र सरकारात वीस लाखांवर नागरी कर्मचारी आहेत, त्यांना कोणी निवडून दिलेले नाही, आणि मतदारांनी निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाचे ते ऐकत नसतील तर लोकशाहीला अर्थ काय? म्हणून कार्यकारी शाखेवर राष्ट्राध्यक्षाचाच ताबा असावा असा सिद्धांत राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात पुढे आला आणि 1988 मध्ये न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांनी एकट्याने दिलेल्या विरोधी मतात तो प्रभावीपणे मांडला गेला. या सिद्धांताचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या 1926 च्या एका निकालात आहे. विल्सन यांनी ऑरेगनमधल्या एका पोस्टमास्तरला सिनेटला न विचारता काढले होते. राष्ट्राध्यक्षाला तसा अधिकार आहे असे न्यायालयाने ठरवले. हा निकाल लिहिला होता सरन्यायाधीश टॅफ्ट यांनी. म्हणजे दहा वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षाच्या मर्यादांवर पुस्तक लिहिणारे तेच टॅफ्ट! त्यांच्या मनात यात विसंगती नव्हती, आणि खरोखरच ती नाही. हाताखालच्या माणसांवर पूर्ण हुकमत आणि कायद्याच्या पलीकडे शून्य अधिकार, ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत. आजचे बरेच परंपरावादी यातले पहिले अंग उचलतात आणि दुसरे विसरतात. कायदा राबवणाऱ्या माणसाला काढता येणे वेगळे, आणि नवा कायदा आपणच लिहून टाकणे वेगळे.

उरतो तो सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद: समोरचा पक्ष मर्यादा पाळत नाही, मग आम्हीच का पाळायची? तक्रार खोटी नाही. बराक ओबामा यांनी काँग्रेसने स्थलांतराचा कायदा केला नाही म्हणून 2012 मध्ये लाखो तरुणांना प्रशासकीय निर्णयाने हद्दपारीपासून संरक्षण दिले. जो बायडेन यांनी 2003 च्या एका कायद्यातल्या ओळींवर भार टाकून सुमारे 400 अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जे माफ करायला घेतली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली. परंपरावाद्यांनी त्या दोन्ही वेळा घटनेचा जप केला आणि तो योग्यच होता. पण 2019 मध्ये काँग्रेसने सीमेवरच्या भिंतीसाठी मागितले तेवढे पैसे नाकारल्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून ते दुसरीकडून वळवले, तेव्हा सिनेटमधल्या फक्त 12 रिपब्लिकन सदस्यांनी विरोधात मत दिले. त्या 12 जणांना गद्दार म्हटले गेले. माझ्या मते त्या दिवशी पक्षाच्या विचाराशी प्रामाणिक तेच होते. शिवाय तत्त्व बाजूला ठेवून नुसता हिशेब मांडला तरी हा व्यवहार तोट्याचा आहे. पॅरिस हवामान करारात ओबामांनी सिनेटची मंजुरी न घेता अमेरिकेला नेले, ट्रम्प यांनी बाहेर काढले, बायडेन यांनी पहिल्याच दिवशी परत आणले आणि 2025 मध्ये ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी पुन्हा बाहेर काढले. आदेशाने आलेली गोष्ट आदेशाने जाते. याच्याशेजारी 1986 ची करसुधारणा ठेवा. रेगन यांनी डेमोक्रॅटिक बहुमताच्या प्रतिनिधिगृहाशी वाटाघाटी केल्या, सिनेटमध्ये तिला 74 मते पडली आणि प्राप्तिकराचा सर्वोच्च दर 28 टक्क्यांवर आला. तो पुढे वाढला, पण 70 टक्क्यांच्या जमान्यात अमेरिका पुन्हा गेली नाही. रेगन यांनी मंत्रिमंडळाच्या दालनात कूलिज यांची तसबीर लावली होती. त्यांनी कूलिज यांच्याकडून करकपात घेतली, खर्चाला कात्री लावणे मात्र जमवले नाही, आणि त्यांच्या आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज जवळपास तिपटीवर गेले. तेव्हापासून आजवर परंपरावादी पक्षाला ते कर्ज आवरता आलेले नाही.

हा वाद अमेरिकेचा घरचा आहे, पण त्याची झळ मुंबई-पुण्यापर्यंत येते. घटनेच्या पहिल्या कलमानुसार आयातशुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसचा. तरीही 2025 मध्ये ट्रम्प यांनी 1977 च्या एका आणीबाणी कायद्याच्या आधारे जगभर शुल्के लावली. त्या कायद्यात आयातशुल्काचा उल्लेखही नाही. भारतीय मालावरचे हे शुल्क 27 ऑगस्टला 50 टक्क्यांवर पोहोचले आणि अंधेरीच्या सीप्झमध्ये अमेरिकेसाठी दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या कामावर गदा आली. या शुल्कांना न्यायालयात आव्हान देणाऱ्यांमध्ये मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणारी वकिलांची संस्थाही होती, याची नोंद घेतली पाहिजे. सप्टेंबरमध्ये एच-1बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारी घोषणा शुक्रवारी संध्याकाळी निघाली, आणि ती नेमकी कोणाला लागू आहे हे कळेपर्यंत हजारो भारतीय कुटुंबांचा शनिवार-रविवार विमानतळ आणि वकील यांच्यात गेला. मुळातला व्हिसा 1990 मध्ये काँग्रेसने कायदा करून निर्माण केला होता. तो महाग करावा की बंद करावा, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात आणि परंपरावाद्यांचे म्हणणे मी समजू शकतो. पण ते सिनेटमध्ये उभे राहून मांडावे, त्यावर मते पडावीत. कायदा येणार असेल तर लोकांना त्याची चाहूल लागते, विरोध करता येतो, आयुष्याची आखणी करता येते.

रोगाचे मूळ काँग्रेसमध्ये आहे हे जेम्स बर्नहॅम या परंपरावादी विचारवंताने 1959 मध्येच पुस्तक लिहून सांगितले होते: काँग्रेस आपले अधिकार स्वतःच सोडून देत चालली आहे. आणीबाणीचा 1976 चा कायदा याचे ठळक उदाहरण आहे. दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपावी, अशी मूळ तरतूद होती. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा ठरावांची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर झालेल्या दुरुस्तीमुळे ठरावाला राष्ट्राध्यक्षाची सही लागते; म्हणजे ज्याने आणीबाणी पुकारली त्याचीच. त्याने नकार दिला की दोन तृतीयांश मते गोळा करा. 2019 मध्ये युटाचे परंपरावादी सिनेटर माइक ली यांनी हे उलटे करणारे विधेयक आणले. काँग्रेसने मतदान करून मुदत वाढवली नाही, तर कोणतीही आणीबाणी 30 दिवसांनी आपोआप संपावी, एवढीच त्याची मागणी. राष्ट्राध्यक्ष कोणत्या पक्षाचा आहे हे न पाहता परंपरावाद्यांनी या एका सुधारणेसाठी आपल्या प्रतिनिधीचा पाठपुरावा करावा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथे मतदान करणाऱ्या मराठी नागरिकांनीही करावा. इराणमधल्या ओलीस प्रकरणावरून जिमी कार्टर यांनी 14 नोव्हेंबर 1979 रोजी पुकारलेली आणीबाणी त्यानंतरच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने दर वर्षी वाढवली आहे.